दोन्ही बाजूंनी मीच

परवा दुपारी शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. मी जेवणाच्या टेबलावर बुद्धिबळाचा पट मांडून बसले होते. पांढऱ्याची खेळी केली, उठले, टेबलाला वळसा घालून समोरच्या खुर्चीत बसले आणि काळ्याच्या बाजूने विचार करू लागले. काकू हातात वाटी धरून दारातून हे सगळं बघत होत्या.

"कुणी आलंय का गं?"

"नाही काकू, मीच आहे."

"मग समोर कोण?"

"समोरही मीच."

काकू विरजण घेऊन गेल्या खऱ्या, पण संध्याकाळी जिन्यात ह्यांना गाठून त्यांनी विचारलंच, "तिची तब्येत बरी आहे ना हो?" ह्यांनी घरी येऊन ते हसत हसत सांगितलं आणि मग सोफ्यावर बसून मोबाइलवर सॉलिटेअर लावलं. हा पत्त्यांचा एकट्याचा डाव १९९० मध्ये विंडोजबरोबर कॉम्प्युटरवर आला आणि तेव्हापासून जगभरची ऑफिसं तो खेळताहेत. त्यांच्या तब्येतीची चौकशी कुणी करत नाही. मला हसू आलं, पण जरा लागलंही.

एकटीने खेळणारी पहिली बाई मी पाहिली ती माझी आत्या. वाईच्या आमच्या वाड्यात माजघराच्या कोपऱ्यात ती दुपारी सारीपाट मांडायची. कापडी पट, सोळा सोंगट्या आणि कवड्या. अठ्ठाविसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवायचं नाही, लग्नकार्यात ती मागच्या दारी स्वयंपाकात असायची. चौघींनी मिळून खेळायचा खेळ, पण तिच्यासाठी चौघी जमणार कुठून? ती स्वतःच दान टाकायची आणि सगळ्या रंगांच्या सोंगट्या स्वतःच चालवायची. मी एकदा विचारलं होतं, "आत्या, हिरव्या सोंगट्या कुणाच्या?" ती म्हणाली, "आज ज्याला वेळ असेल त्याच्या."

आजीला ते मुळीच आवडायचं नाही. "विधवेनं फासे टाकायचे? महाभारतात काय झालं ठाऊक आहे ना?" ती म्हणायची. आत्या उलट बोलत नसे. डाव संपला की पट गुंडाळून ठेवायची आणि चहाचं आधण टाकायची. तेव्हा मला वाटायचं, बिचारी आत्या! आता वाटतं, दिवसातला तेवढा एकच तास तिच्या मालकीचा होता.

दोन वर्षांपूर्वी लेक शिकायला बाहेरगावी गेला आणि त्याच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यातून एक खोका माझ्या हाती आला. आत वॉटर्लूच्या लढाईचा खेळ. एक मोठा नकाशा, त्यावर मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं आणि पुठ्ठ्याच्या चौकोनी तुकड्यांच्या पलटणी. प्रत्येक तुकड्यावर दोन आकडे. एक ताकदीचा, दुसरा किती घरं चालायचं त्याचा. शिवाय फासे आणि नियमांचं जाडजूड पुस्तक. ते वाचायलाच मला चार दुपारी लागल्या. बी.ए.ला इतिहास घेतला होता, तो इतक्या वर्षांनी असा उपयोगी पडला!

असे युद्धखेळ मुळात पुरुषांनी पुरुषांसाठी बनवले. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावर लढाया खेळवायला सुरुवात झाली. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने खेळण्यातल्या सैनिकांच्या लढायांवर एक पुस्तक लिहिलं. हा खेळ बारापासून दीडशे वर्षांपर्यंतच्या मुलग्यांसाठी आहे आणि मुलग्यांचे खेळ आवडणाऱ्या जरा हुशार मुलींसाठीही आहे, असं त्याने मुखपृष्ठावरच सांगून टाकलं होतं. म्हणजे आम्हाला प्रवेश होता, पण अट घालून!

तर मी एका बाजूने नेपोलियन आणि दुसऱ्या बाजूने वेलिंग्टन होऊन खेळू लागले. पहिल्याच डावात माझी लबाडी उघडी पडली. १८ जून १८१५ च्या त्या लढाईत दुपारनंतर प्रशियाचं सैन्य वेलिंग्टनच्या मदतीला येऊन पोचलं. हे मला आधीच ठाऊक असल्यामुळे माझा नेपोलियन सकाळपासूनच त्या दिशेला सैन्य पेरून बसला. खऱ्या नेपोलियनला ही सोय नव्हती. दुसरी लबाडी याहून बारीक. एका बाजूचा विचार मी पाच मिनिटं करत होते, दुसरीचा जेमतेम एक. मनातून कोण जिंकावं हे आधीच ठरलेलं होतं आणि हात तसेच चालत होते.

मग मी उपाय काढला. ज्याची पाळी त्याच्या खुर्चीत जाऊन बसायचं. त्याला काय दिसतं, काय ठाऊक नाही, हे आधी मनात म्हणायचं. तीन चाली सारख्याच बऱ्या वाटल्या तर फासा टाकून एक निवडायची, म्हणजे माझ्या आवडीला वाव नको. हे बोलायला सोपं आहे. करून बघा, मान दुखते.

याचा उपयोग मला जिथे झाला, ती जागा मात्र वेगळीच. आमच्या महिला मंडळाच्या समुपदेशन केंद्रात मी आठवड्यातून दोन दिवस बसते. गेल्या पावसाळ्यात एक सून आली. सकाळी सातला कामावर जाणारी, आणि सासू स्वयंपाकघराला कुलूप लावते म्हणून उपाशीच घराबाहेर पडणारी. पुढच्या वेळी सासूलाही बोलावलं. मी सुनेचं अर्धा तास ऐकलं, सासूला दोन प्रश्न विचारले आणि चार शब्द सुनावले. बाई पिशवी मांडीवर घेऊन गप्प बसून राहिली. रात्री पट मांडला आणि एकदम लक्षात आलं, आज मी त्या दुसऱ्या खुर्चीत बसलेच नाही.

पुढच्या खेपेला सासूला एकटीला बोलावलं. पस्तीस वर्षं संसार करून त्या घरात तिच्या ताब्यात काय होतं? फक्त ती एक किल्ली. घर नवऱ्याच्या नावावर, पैसा मुलाच्या हातात. सून आली तेव्हा तिला वाटलं, आता हीसुद्धा जाणार. यामुळे सुनेवरचा अन्याय लहान होत नाही, आणि तसं मी तिला स्पष्ट सांगितलं. पण या वेळी तिने ते ऐकलं. आज त्या कुलपाला दोन किल्ल्या आहेत. कुलूप अजून गेलेलं नाही. हळूहळू तेही जाईल.

आणि हो, जिथे मारहाण आहे तिथे मी पट फिरवत बसत नाही. तिथे २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. तिथे एकच बाजू घ्यायची असते, आणि ती लवकर घ्यायची असते.

पण माझं खरं म्हणणं आणखी पुढे आहे. या खेळाचा मला उपयोग झाला नसता तर? तर मग तो वेळ वाया गेला असता का? आपण बायका स्वतःच्या वेळेचा नेहमी हिशोब देत असतो. विणकाम केलं तर स्वेटर निघतो, पापड लाटले तर वर्षाची बेगमी होते. भिशीला गेलं तर निदान चारचौघींत तरी असतो. पण एकटीने, कशासाठीही नाही, नुसतं खेळायचं? सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जात होती आणि पुरुषांची ९७. जवळजवळ पाच तास विनामोबदला दिल्यावर एक तास मागताना आवाज का खाली येतो?

लढाईचे खेळ बायकांना जमत नाहीत, असं तर आता कुणी म्हणूच नये. बुद्धिबळ हीसुद्धा लढाईच. १९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकरांनी जिंकली, आणि २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक आणला. पण मला चषक नको आहे. मला टेबल मोकळं हवं आहे, दुपारी तीन ते चार.

एकटं खेळणं सगळ्यांनाच मानवेल असं नाही. ज्यांना बोलायला कुणीच उरलेलं नाही, त्यांना पट देऊन सोडून देऊ नका, त्यांच्यासमोर जाऊन बसा. आत्यासमोर मी बसायला हवं होतं, हे मला फार उशिरा कळलं. पण घर भरलेलं असताना एखादी तासभर एकटीच खेळत बसली, तर तिला वेड लागलंय असंही समजू नका.

काल काकू विरजणाची वाटी परत द्यायला आल्या. वाटीत दोन लाडू होते. पट मांडलेलाच होता. थोडा वेळ उभ्या राहून त्यांनी विचारलं, "हा घोडा असाच वाकडा का गं चालतो?"

मी उठले आणि समोरची खुर्ची मोकळी करून दिली.