पूर, बांध आणि कारणाचा रकाना

पावसाळा सरून पंचनाम्यांचे कागद तालुक्यास पोहोचले, म्हणजे त्या वर्षीच्या पुराचे काम सरकारदरबारी आटोपले, अशी आपल्याकडे वहिवाट पडली आहे. मदतीची रक्कम मंजूर होते, याद्या चावडीवर लागतात, आणि पुढील मृग लागेपर्यंत ज्याचे शेत वाहून गेले त्याच्यावाचून कोणास त्या पुराची आठवण राहत नाही. प्रस्तुत लेखकाने महसूल खात्यात कारकुनी करून नुकतीच पेन्शन घेतली आहे. त्याचे सारे आयुष्य असल्या कागदांतच गेले. त्या कागदांतील एकाच रकान्याविषयी, म्हणजे 'नुकसानीचे कारण' या रकान्याविषयी, मंडळाच्या सभासद बंधूंपुढे चार शब्द मांडावे, असा विचार आहे.

पूर दोन जातींचे असतात. एक पूर आभाळातून येतो. नदी पायरी-पायरीने चढते, माणसास गुरे सोडण्यास व धान्य माळ्यावर टाकण्यास थोडाबहुत अवधी मिळतो. दुसरा पूर बांध फुटून येतो. तो भिंतीसारखा उभा येतो आणि बहुधा रात्री येतो. पहिला दैवाधीन आहे, हे कोणीही मान्य करील. परंतु दुसऱ्यास मालक असतो. त्या बांधाचा कोणी नकाशा काढिलेला असतो, कोणी अंदाजपत्रक मंजूर केलेले असते, देखभालीचा पैसा कोणाच्या तरी हातून खर्ची पडलेला असतो. असे असता दोहोंची नोंद आपण एकाच शब्दाने करितो: 'नैसर्गिक आपत्ती'. हा एक शब्द लिहिला की मालक नाहीसा होतो आणि उरतो तो केवळ पाऊस.

आपल्या प्रांतास हा अनुभव नवा नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे फुटले, आणि पुणे शहराचा नदीकाठ पाण्याखाली गेला. आदल्या रात्री विमोचकावरील भराव खचत असता जवान वाळूची पोती रचून धरण सावरण्याची शिकस्त करीत होते. पुढे न्यायमूर्ती बावडेकर यांची चौकशी नेमिली गेली. ते मध्येच निवर्तल्यामुळे ते काम न्यायमूर्ती नाईक यांजकडे आले. त्यानंतर अठ्ठावन्न वर्षांनी, २ जुलै २०१९ च्या रात्री, चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील धरण फुटून वीसच्या वर माणसे वाहून गेली. धरणास गळती लागल्याची तक्रार गावकऱ्यांनी अगोदरच केली होती. फुटल्यावर तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखविले. खेकडे बांध पोखरतात हे खरे आहे, परंतु खेकड्यांस देखभालीचा पैसा मिळत नाही. बिळे बुजविण्याचे काम ज्याचे, त्याचा जबाब प्रथम घ्यावयास हवा.

कारणाच्या रकान्यात योग्य शब्द यावा म्हणून सामान्य लोकांनी चिकाटीने झगडल्याचे एक उदाहरण परदेशातील आहे. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहर सखल जागी वसलेले आहे. भोवतालचे बांध व कालव्यांच्या भिंती यांच्या आधारावर ते कोरडे राहते. २९ ऑगस्ट २००५ रोजी 'कतरिना' नावाचे चक्रीवादळ त्या किनाऱ्यास लागले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. वादळच एवढे मोठे की पाणी बांधांवरून वाहिले, त्यास कोणाचा इलाज, असे प्रारंभी सांगण्यात आले. वृत्तपत्रांनीही तेच छापिले. परंतु स्वतंत्र अभियंत्यांनी पाहणी केली तेव्हा निराळेच निघाले. सतराव्या रस्त्याचा कालवा व लंडन अव्हेन्यूचा कालवा यांच्या भिंती पाणी माथ्यास पोहोचण्यापूर्वीच ढासळल्या होत्या. भिंतीखालील पोलादी पत्रे मऊ जमिनीत पुरेसे खोल गेलेले नव्हते. भिंत कलली, तिच्या व मातीच्या मध्ये फट पडली, फटीत पाणी शिरले आणि पायाखालची मातीच सरकली. हे काम अमेरिकन सैन्याच्या अभियंता दलाचे. रचनेत दोष होता, हे त्या दलानेच २००६ साली कबूल केले.

ही कबुली मिळाली तरी लोकांच्या तोंडी 'वादळाने शहर बुडविले' हेच राहिले. ते पुसण्याचे काम सँडी रोझेंथाल या बाईंनी अंगावर घेतले. त्या अभियंता नव्हत्या, पुढारी नव्हत्या. २००५ सालच्या अखेरीस आपल्या शाळकरी मुलास बरोबर घेऊन त्यांनी 'लेव्हीज डॉट ऑर्ग' ही संस्था उभी केली. जो कोणी लेखात किंवा भाषणात या पुरास केवळ नैसर्गिक म्हणे, त्यास ही मंडळी नम्रपणे पण न चुकता पत्र पाठवून खरे कारण कळवीत. जेथे भिंत फुटली तेथे, येथे काय घडले व का घडले, हे सांगणारे फलक त्यांनी लावविले. त्याच सुमारास असे दिसून आले की, एवढ्या प्रगत देशातही बांधांची एक पूर्ण यादी कोणापाशी नव्हती. २००७ सालच्या कायद्याने अशी राष्ट्रीय यादी करण्याचे व बांधांच्या सुरक्षिततेसाठी समिती नेमण्याचे ठरले. आज ती यादी कोणाही नागरिकास पाहता येते.

नुकसानभरपाईच्या बाबतीत मात्र त्या लोकांच्या पदरी निराशाच आली. १९२७ साली मिसिसिपी नदीस मोठा पूर आला होता. त्यानंतर १९२८ साली झालेल्या कायद्यात, पुराच्या पाण्याने झालेल्या कोणत्याही नुकसानीबद्दल केंद्र सरकार जबाबदार राहणार नाही, असे कलम घातलेले आहे. न्यायाधीशांनी २००८ साली अभियंता दलास कडक शब्दांत दोष दिला, आणि त्याच निकालात या कलमाच्या आधारे कालव्यांच्या भिंतींबाबतचा दावा काढून टाकिला. म्हणजे दोष सिद्ध झाला, दाम मिळाला नाही. तरीही ती चळवळ वाया गेली असे म्हणता येत नाही. कारण खरे लिहिले गेले नसते, तर नव्या भिंती जुन्याच चुकीवर उभ्या राहिल्या असत्या.

आता आपल्या देशातील कोसी नदी घ्या. ही गोष्ट शेतकऱ्यास अधिक जवळची आहे. १९५४ साली नेपाळशी करार होऊन पुढे त्या नदीस दोन्ही बाजूंनी तटबंध घालण्यात आले. नऊ लाख क्युसेकहून अधिक पाणी त्यांतून सुखरूप जावे, असा हिशेब होता. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळातील कुसहा येथे पूर्वेकडील तटबंध फुटला, तेव्हा नदीत पाणी होते दीड लाख क्युसेकच्या आसपास. नदी आपल्या जुन्या पात्रात शिरली. सुपौल, मधेपुरा, अररिया, सहरसा या जिल्ह्यांतील तीस लाखांच्या वर लोकांस तिचा तडाखा बसला, आणि चांगल्या भातखाचरांवर वाळू पसरली. फुटण्यापूर्वी कित्येक दिवस नदी तटबंधाचे ठोकर कापीत होती. त्या जागेची देखभाल करारान्वये बिहार सरकारकडे होती. चौकशी आयोग नेमिला गेला, त्याचा अहवाल २०१४ साली आला. शेतावरची वाळू अहवालाची वाट पाहत थांबत नाही.

दिनेश कुमार मिश्र या अभियंत्याने बिहारच्या नद्यांचा अभ्यास करून एक हिशेब वारंवार लोकांपुढे मांडला आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत तेथे सुमारे १६० किलोमीटर तटबंध होते व पूरप्रवण क्षेत्र २५ लाख हेक्टर होते. पुढे तटबंध तीन हजार किलोमीटरांच्या वर गेले, आणि पूरप्रवण क्षेत्र ६८ लाख हेक्टरांच्या वर गेले. बांध वाढले तसा पूरही वाढला! दोन तटबंधांच्या मध्ये अडकलेल्या शेकडो गावांचे दुःख तर निराळेच. त्यांच्या जमिनीवरून नदी वाहते, तरी खाते त्यांच्या नावे चालते. तेथील 'कोसी नवनिर्माण मंच' ही संघटना अशा जमिनींच्या साऱ्याची माफी मागत आली आहे. ज्याने हयातभर सारा वसुलीच्या नोंदी केल्या, त्यास ही मागणी वाचून मान खाली घालावी लागते.

मान खाली घालण्यास दुसरेही कारण आहे, आणि ते सांगितल्यावाचून हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही. काही वर्षांपूर्वी एका गावच्या पंधरावीस शेतकऱ्यांचा अर्ज माझ्या टेबलावर आला. गावच्या पाझर तलावाच्या बांधाखाली ओल दिसते आणि हल्ली तेथून गढूळ पाणी येते, असे त्यात लिहिले होते. मातीच्या बांधातून स्वच्छ पाणी पाझरणे फारसे भयाचे नसते. गढूळ पाणी आले म्हणजे आतील माती निघून चालली, हे त्या लोकांस ठाऊक होते, मला नव्हते. मी अर्ज आवक बारनिशीस घेतला, 'संबंधित खात्याकडे उचित कार्यवाहीसाठी' असे लिहून पुढे धाडला, आणि आमच्या दप्तरी प्रकरण निकाली काढिले. उत्तर आले नाही. मी स्मरणपत्र काढिले नाही. महिनाअखेरच्या गोषवाऱ्यात माझी प्रलंबित प्रकरणे एकाने कमी दिसली, एवढे मला पुरले.

पुढील पावसाळ्यात तो बांध रात्री फुटला. सुदैवाने माणूस दगावले नाही, जनावरे गेली. अकरा खातेदारांची जमीन मुरूम उघडा पडेपर्यंत खरवडून निघाली. पंचनाम्यास तलाठ्याबरोबर मीच गेलो. कारणाच्या रकान्याशी आलो तेव्हा अर्जावर पहिली सही करणारा म्हातारा शेतकरी समोर बसला होता. तो म्हणाला, "भाऊसाहेब, काय लिवता?" मी म्हणालो, "अतिवृष्टी लिहितो, म्हणजे मदत लवकर मिळेल." तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "लिवा. पर आमचा अर्ज कुठं गेला, त्ये बी लिवायला कागदात जागा हाय का?" जागा नव्हती. मी 'अतिवृष्टी' लिहिले. त्यात माझा हेतू दयेचाच होता. परंतु त्या एका शब्दाने त्या खात्याची जबाबदारी पुसली गेली आणि माझीही पुसली गेली. मदतीची रक्कम मिळाली. नवी माती अद्याप मिळालेली नाही.

यावर अधिकारी मंडळींचे दोन आक्षेप नेहमीचे आहेत. अडाणी लोकांस बांधाचे शास्त्र काय कळते, हा पहिला. शास्त्र अभियंत्याचे खरे, पण वर्षातून एकदा मोटारीतून येणाऱ्यापेक्षा बांधाखाली रोज निजणाऱ्यास ओल आधी दिसते. प्रत्येक फुटलेल्या बांधाबद्दल अधिकाऱ्यास धरिले तर बांध बांधण्यास कोणी धजणार नाही, हा दुसरा. यात तथ्य आहे. प्रामाणिक चुकीबद्दल कोणास फासावर द्यावे, असे आमचे म्हणणे नाही. सूचना मिळूनही जो स्वस्थ बसला, त्याने स्वस्थ का बसलो हे सांगावे, एवढेच म्हणणे आहे.

कायद्याची साधने आज पूर्वीपेक्षा बरी आहेत, परंतु ती वापरणारा पाहिजे. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर पाहणी आवश्यक केली आहे. मात्र तो १५ मीटरांहून उंच धरणांस, व १० ते १५ मीटरांपैकी काहींस लागू आहे. गावोगावचे लहान पाझर तलाव त्यात बसत नाहीत. तेथे २००५ चा माहितीचा अधिकार उपयोगी पडतो. त्या अन्वये कागदच नव्हे, तर प्रत्यक्ष काम पाहण्याचा व साहित्याचे नमुने घेण्याचाही नागरिकास हक्क आहे. जीविताचा प्रश्न असल्यास माहिती ४८ तासांत द्यावयाची आहे. शिवाय आपल्या राज्याच्या दफ्तर दिरंगाई प्रतिबंधक कायद्यान्वये कोणताही कागद सामान्यतः सात कामाच्या दिवसांहून अधिक काळ एका कर्मचाऱ्याच्या हाती पडून राहू नये. हा नियम मला पाठ होता. तो मला कोणी विचारिला नाही, म्हणून मीही पाळिला नाही.

तेव्हा मंडळाने सरकारकडे पुढील मागण्या कराव्या, असे सुचवितो. एक, प्रत्येक तलावावर व तटबंधावर मालक खाते, बांधणीचे साल व शेवटच्या पाहणीची तारीख यांचा फलक असावा. दोन, मृगापूर्वीची पाहणी गावकऱ्यांसमक्ष व्हावी आणि तिचा अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवावा. तीन, पंचनाम्यात 'पाऊस' व 'बांध फुटणे' असे दोन निराळे रकाने असावे, पूर्वी तक्रार झाली होती काय हे तिसऱ्यात यावे, आणि खरे कारण लिहिल्यामुळे कोणाची मदत अडू नये.

आपल्याही पदरी दोष आहेत, ते लपवू नयेत. बांधाच्या पायथ्याचा मुरूम आपणच नेतो. सांडव्यात फळ्या घालून चार दिवसांचे पाणी अधिक अडवितो. भरावावर झुडपे वाढू देतो, आणि घुशींच्या बिळांकडे पाहत त्यावरून चालत जातो. हे प्रथम बंद झाले पाहिजे. मग प्रत्येक गावच्या सभासदांनी एक साधी वही घालावी. ओल कोठे दिसली, कोणत्या तारखेस दिसली, पाणी स्वच्छ होते की गढूळ, एवढे तीत लिहावे. अर्ज द्यावा तो पोच घेऊन द्यावा, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जावे. कारकुनास विचारावे की, "भाऊसाहेब, आमच्या अर्जाचे काय झाले?"

बैल गेला नि झोपा केला, ही म्हण आपल्याच शेतकऱ्यांनी केलेली आहे. मृगास अद्याप अवधी आहे. कोणी वही घातल्यास व अर्ज कसा लिहावा हे विचारल्यास, प्रस्तुत लेखक कोणत्याही बाजाराच्या दिवशी मंडळाच्या कचेरीत बसून तो लिहून देईल. त्याबद्दल काही आकार नाही. तो त्याजकडून येणेच आहे.