आशाताईला साखरेतलं काय कळतं?

नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यात माणसं अर्धपोटी, तिथं कसला आलाय मधुमेह? असं विचारणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे अजून पोट सुटलेला शेठच असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांतल्या आया आणि मुलं अभ्यासत आले. त्यांना दिसलं ते उलटंच: वजनात कमी भरलेलं बाळही अंगात चरबी राखून जन्मतं, आणि पुढच्या मधुमेहाची बीजंही तिथंच पडतात. २०२५मध्ये तर आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणाशी निगडित मधुमेहाला ‘टाइप ५’ असं नावच दिलं. कुपोषणासाठी बदनाम झालेल्या नंदुरबारने निर्धास्त राहावं, ते कशाच्या जोरावर?

म्हणून मधुमेहावर लक्ष ठेवण्याचं काम गावातल्या आशा स्वयंसेविकेला द्यावं म्हटलं, की दुसरा आक्षेप येतो, तो शहाण्यांचा: आशाताई काही डॉक्टर नव्हे. नाहीच. निदान आणि औषधाची मात्रा तिनं ठरवावी, असं कोण म्हणतंय? पण रोगी डॉक्टरपुढे महिन्यातून पाच मिनिटं बसतो, उरलेला महिना पाड्यावर काढतो. दिवाळीनंतर कोण कुठल्या मुकादमाबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेला, गोळ्या कधी संपल्या, अनवाणी टाचेवरची जखम किती दिवस ओली आहे, हे केसपेपरवर उमटत नाही. आशाताईला ते ठाऊक असतं, आणि ती भिलीत, पावरीत विचारू शकते. शिवाय या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. तो असलेल्या रुग्णाची एचबीए१सी ही सरासरी साखरेची चाचणी फसवा आकडा देऊ शकते. ‘घरात सिकलसेल’ एवढे दोन शब्द चिठ्ठीवर आले, तर डॉक्टर सावध होतो.

‘कमी शिकलेल्या बायका’ हा शेरा गडचिरोलीनेही ऐकला होता. तिथं डॉ. राणी आणि अभय बंग यांनी तयार केलेल्या गावातल्याच आरोग्यदूतांमुळे नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. ‘लॅन्सेट’ने ते १९९९मध्ये छापलं.

एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही, खोडायचाही नाही: आशाताईच्या डोक्यावर आधीच फार ओझं आहे. लसीकरण, बाळंतपण, सर्वेक्षण, त्यात तिशीपुढच्या प्रत्येकाच्या आजारांच्या जोखमीचा अर्ज. आणि मोबदल्याचा काही भाग कामागणिक. २०२३मध्ये राज्यभरच्या आशा संपावर गेल्या, त्या हौसेनं नव्हे. तेव्हा साखरेचं काम द्यायचं तर वेगळ्या दामानं द्या. उपकेंद्रात ग्लुकोमीटरच्या पट्ट्या ठेवा. आणि ऊसतोड टोळीचा ट्रक हलण्याआधी हंगामभराच्या गोळ्या तिच्या हाती पोचवा.