हौशी गाडामालक

आमचे मामा जुन्नर तालुक्यातले, मामीचे माहेर आंबेगावात. तिकडे चैत्र लागला की पाहुण्याने केव्हा यायचे ते यात्रेच्या तारखेवरून ठरते, आणि यात्रा म्हटली की घाट आलाच. घाट म्हणजे वळणावळणाचा रस्ता नव्हे बरे का! गावाबाहेर चढाची एक सरळ धाव राखलेली असते, तिला घाट म्हणायचे. चार बैल जुंपलेला हलका गाडा, पुढे घोडीवर स्वार, आणि बारा-तेरा सेकंदांत बारी खलास. गाड्यात कोणी बसत नाही. मालक खाली छातीवर हात ठेवून उभा.

मामांचा बैल बादल, खिल्लार. नांगराचे ओझे त्याला ठाऊक नव्हते. त्याला दूध, त्याला अंडी. घरात चहा मात्र कोरा. मामी एकदा मला म्हणाली, "तू जेवलीस का म्हणून मला कधी विचारलं नाही रे बाबा यांनी. त्याला दिवसातून दोनदा विचारतात." ढालीच्या पितळेला मोडीत काय भाव येतो, तो तिला पाठ होता.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या. कारण होते जनावरांचे हाल : चाबूक, टोचणी, शेपटी पिरगळणे. "आपल्या दावणीला असलं काही नाही," मामा म्हणत. (भाच्याने मामाला शपथ घालू नये; मी घातली नाही.) कित्येकांनी बैल विकले. मामांनी बादल ठेवला, दूधही ठेवले.

त्या बंदीच्या दिवसांतच एका संध्याकाळी ओट्यावर बसून मी त्यांना काउंट लुई झ्बोरोव्स्कीची गोष्ट सांगितली. सोळाव्या वर्षी पोरका झालेला, अफाट श्रीमंत इंग्लंडातला तरुण. याने मोटारीत २३ लिटरचे विमानाचे इंजिन बसवले आणि १९२१ साली ब्रुकलँड्सला ती पळवली. १९२२ च्या फ्रेंच ग्रां प्रीसाठी ॲस्टन मार्टिनच्या गाड्यांना पैसाही यानेच पुरवला. पोटासाठी नव्हे, निव्वळ हौस!

"म्हणजे आपल्यातलाच की," मामा खूश झाले. "बाप काय करायचा?"

"बापही शर्यतवाला. १९०३ साली फ्रान्सात ला तुर्बीच्या चढावर गाडी आदळून गेला."

"चढावर? घाटच म्हण ना!"

"आणि पोरगा १९२४ च्या ऑक्टोबरात इटलीत, माँझाला. मर्सिडीस झाडावर गेली. एकोणतीस वर्षांचा होता."

मामांनी चंची उघडली, तशीच मिटली. "थांब. गाडीत तो स्वतः बसायचा?"

"मग कोण बसणार?"

मामा बोलले नाहीत. गोठ्यात बादल कडबा ओढत होता, तो आवाज तेवढा येत होता. बऱ्याच वेळाने आतून मामी म्हणाली, "पानं वाढलीत." मामा उठले, आणि दारात थबकून तिला म्हणाले, "तू बस आधी." मामीच्या हातातला डाव तसाच राहिला.

पुढे १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. २०२२ च्या यात्रेला गावात गुलाल उधळला. बादल तेव्हा बारा वर्षांचा. मान भरलेली, पण खूर जड. जुंपा म्हणून पाच जण मागे लागले. "एकच बारी, तात्या!"

यात्रेच्या दिवशी तांबडे फुटायच्या आत मामांनी मला उठवले. घाटावर चिटपाखरू नव्हते. त्यांनी बादलच्या कपाळाला गुलाल लावला, कासरा स्वतःच्या हातात घेतला आणि पुढे चालू लागले. जिथे घोडी पळते तिथे. मध्ये दोनदा थांबले. दम बैलाला लागला होता की त्यांना, खालून कळेना. वर पोचायला माझ्या घड्याळाप्रमाणे नऊ मिनिटे लागली.