खोकला म्हणजे टीबीच नव्हे!

वऱ्हाडातील गोरगरिबांच्या वस्तीत खोकला हटला नाही आणि एक्स-रेत डाग दिसला, की अनेकदा टीबीचीच औषधे सुरू होतात. थुंकीत जंतू सापडले नाहीत तरी गोळ्या चालूच! डाग कर्करोगाचा असेल तर हे महिने गाठीच्याच पथ्यावर पडतात.

गाठ छातीच्या भिंतीला टेकलेली असेल तर ती सोनोग्राफीत दिसते. जागा बधिर करून बरगड्यांमधून सुई घालतात आणि तुकडा काढून तपासतात. किरणोत्सर्ग नाही, खर्चही सीटी स्कॅनपेक्षा कमी. खोलवरची गाठ मात्र मधल्या हवेमुळे दिसत नाही. तिथे सीटी स्कॅनच लागते.

अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ साली सुरू झाले, अमरावतीचे २०२४ साली. दोन्हीकडे या तपासणीचा वार ठरलेला हवा आणि अहवाल आठवडाभरात हाती पडायला हवा. राज्यघटनेचे ४७ वे कलम सार्वजनिक आरोग्य सुधारणे शासनाच्या आद्य कर्तव्यांत धरते. रुग्णाला नागपूरच्या गाडीत बसवून दिल्याने ते कर्तव्य पार पडत नाही!

बांधवांनो, टीबीची औषधे आपल्या मनाने सोडू नका. पण ती घेऊनही खोकला थांबत नसेल तर डॉक्टरांना विचारा: तुकडा तपासला का? विचारणे हा आपला हक्क आहे.