कॅलेंडरवाल्यांनो, बाटली खाली ठेवा!

मी तसा भांडकुदळ माणूस नाही. चहात दूध आधी की साखर आधी, यावर चार माणसं हमरीतुमरीवर आली, तर मी तेवढ्यात चहा पिऊन मोकळा होतो. पण आमच्या तळघरात बाटली फुटली, त्या रात्रीपासून एका पंथाशी माझं हाडवैर आहे. हा पंथ कॅलेंडरवाल्यांचा.

मी मूळचा पुण्याचा, पण गेली तीस वर्षं अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात मुक्काम. हा मुलूख हॉप्सचा. आपल्याकडे दारात तुळस, तशी इथं कित्येकांच्या परसात हॉप्सची वेल. घरी बिअर करायला इथं कायद्याची मुभा आहे. १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी तशी सही केली. घरात सज्ञान माणूस एकच असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. आमच्या हिच्या मते आमच्या घरात सज्ञान माणूस एकच आहे, आणि ते माणूस बिअर पीत नाही. त्यामुळं मी आपला एका खेपेला पाच गॅलन, म्हणजे १९ लिटरवर भागवतो.

मला दीक्षा दिली ती एका निवृत्त इंजिनिअर स्नेह्यांनी. त्यांच्या भिंतीवर मराठी दिनदर्शिका. संकष्टीच्या चौकोनात चंद्रोदयाखाली 'हॉप्स घालणे', पुढं अमावास्येच्या आसपास 'बाटल्या भरणे'. मला म्हणाले, "अरे, सातव्या दिवशी हॉप्स, सतराव्याला बाटल्या, चोविसाव्याला ग्लास. डोकं चालवायचं नाही." शेवटची अट मला झेपण्यासारखी होती.

आता ही हॉप्सची भानगड काय, ते सांगतो. मॉल्टचं गोड पाणी हॉप्सबरोबर उकळलं की कडवटपणा उतरतो, पण सुवास वाफेबरोबर उडून जातो. म्हणून पाणी आंबून त्याची बिअर होत आली की थोडे हॉप्स पुन्हा वरून घालायचे. याला म्हणतात ड्राय हॉपिंग. (हॉप्स चांगले चिंब भिजतात, तरी नाव 'ड्राय'!) आमटी उतरवल्यावर वरून कोथिंबीर पेरतात, तोच न्याय. फार लवकर घाला, तर आंबण्याच्या फसफशीबरोबर वास छतापर्यंत जातो. फार उशीर करा, तर हॉप्सबरोबर शिरलेली हवा गिळायला यीस्ट जागं नसतं, आणि हवा लागली की बिअर उतरलीच. तेव्हा आंबणं संपता संपता घालावेत. इथवर पंथाशी माझं भांडण नाही.

पण कोथिंबीर पेरलेली आमटी दहा दिवस ठेवून कोण खातं? मी ठेवली. माझ्या पहिल्या बिअरला श्रावणात कापलेल्या गवताचा वास आला. आमच्या हिनं लांबूनच हुंगून विचारलं, "अहो, हे पिणार, की गाईला घालणार?" इथल्याच ऑरेगन स्टेट विद्यापीठात याचा अभ्यास झालाय. हॉप्समधला सुवास बहुतेक पहिल्या दिवसभरातच उतरतो. दोन-तीन दिवस म्हणजे डोक्यावरून पाणी. त्यापुढं उतरतो तो पाला आणि तुरटपणा.

हे स्नेह्यांना सांगितलं, तर ते इतिहासात शिरले. "अरे, साहेबाची बिअर विलायतेहून शिडाच्या जहाजातून आपल्या मुंबईला यायची. पिंपात हॉप्स घातलेले, महिनोन्‌महिने! आणि तू मला तीन दिवस सांगतोस?" मी म्हटलं, "अहो, जहाजाला तेवढा वेळ लागायचा, त्याला साहेब काय करणार? शिवाय ते हॉप्स बिअर टिकावी म्हणून. माझी बिअर तळघरातून दिवाणखान्यात यायला केप ऑफ गुड होपला वळसा घालत नाही."

इथपर्यंत मी जिंकलो होतो. पण पंथ सुटला तरी खोड सुटत नाही. मी हॉप्स तीन दिवसांवर आणले आणि 'सात दिवस वाचले' म्हणून बाटल्यांची तारीखही पुढं ओढली. हॉप्स काढले, प्रत्येक बाटलीत नेहमीची साखर गेली, बुचं मारली आणि माळ लावून तळघरात ठेवली.

तिसऱ्या आठवड्यात, मध्यरात्री, बंदुकीसारखा बार झाला. "अहो, चोर!" म्हणून ही उठली. मी लाटणं घेऊन खाली गेलो. चोर नव्हता. फेस होता, आणि खोलीभर काच. आमचा नातू रोज सकाळी जिथं खेळायचा, तिथं त्याच्या लाकडी घोड्याच्या मानेत बोटभर लांबीचा तुकडा रुतून बसला होता.

मी पायरीवर बसलो. लाटणं हातातच राहिलं.

चूक माझीच. हॉप्समध्ये पाचक द्रव्यं असतात. यीस्टला न पचणारी, मागं उरलेली साखर ती फोडून देतात आणि झोपू घातलेलं यीस्ट पुन्हा जेवायला उठतं. ही काही कालची गोष्ट नव्हे. विलायतेत ब्राउन आणि मॉरिस या दोघांनी १८९३ सालीच हे लिहून ठेवलंय. पुन्हा सुरू झालेलं हे जेवण बरणीतच उरकू द्यायला हवं होतं. मी ते बाटलीत कोंडलं आणि वरून साखरेचं आमंत्रण दिलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. थांबायचं तिथं आपण घाई करतो आणि घाई करायची तिथं थांबतो. हॉप्सपाशी रेंगाळू नका, बाटलीपाशी धावू नका. हॉप्स काढल्यावर रोज हायड्रोमीटर बुडवा. लागोपाठ तीन दिवस आकडा तोच आला, तरी पेलाभर बिअर कोमट करून हुंगा. लोण्याचा वास आला तर यीस्टचं काम उरलंय. तो गेला की बाटल्या भरा आणि दोन आठवडे उबेला मुरू द्या. मग मात्र गार करा आणि पिऊन टाका. हॉप्सचा सुवास हा पाहुणा आहे, घरजावई नव्हे.

हे सगळं मी त्वेषानं हिला ऐकवलं. ती लोणच्याची बरणी हलवत होती. म्हणाली, "मुरलं की नाही, ते बरणी सांगते. तुम्हा लोकांना भिंतीकडे बघायला कुणी सांगितलं होतं?"

स्नेही परवा आले. ग्लास हातात घेतल्या घेतल्या त्यांनी विचारलं, "कितवा दिवस?" मी म्हटलं, "मोजला नाही." त्यांनी एक घोट घेतला, मग दुसरा. मग दिनदर्शिकेबद्दल अवाक्षर न काढता ग्लास पुढं केला.

घोड्याच्या मानेतली काच मी काढलीय, खाच राहिलीय. बाटल्या भरण्याआधी मी तिच्यावरून एकदा बोट फिरवतो. मग पुन्हा हायड्रोमीटर बुडवतो.