आजाऱ्याच्या उशाशी

निपाणीतील एका घरी आम्ही आजाऱ्यास कम्युनियन देण्यास गेलो होतो. तंबाखूच्या वखारीत जन्मभर राबलेल्या त्या पित्याचा कर्करोग हाडांत उतरलेला. दोन दिवस पाठ असह्य दुखत होती, पाय लुळे पडत होते. “शेवटच आला, फादर, आता डॉक्टर कशाला?” मुलगा म्हणाला. आम्ही त्यास प्रथम गाडी आणावयास लावले.

प्रिय वाचकहो, अशा वेळी मज्जारज्जूवर गाठीचा दाब असू शकतो. लघवी अडणे हेही तेच लक्षण. त्याच दिवशी इस्पितळ गाठल्यास पायांतील बळ टिकण्याचा संभव असतो. विलंबाने गेलेले सहसा परतत नाही.

धर्मगुरूंसही उशिरा बोलावू नका. अभ्यंग केवळ मरणासन्नांसाठी नाही, असे व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली सांगितले आहे. आईबापांविषयीची चौथी आज्ञा आजाऱ्याच्या उशाशी जागे राहून पाळावयाची असते.