कुर्ल्याची डॉज आणि अमेरिकेची डॉज

आजच्या तरुणांच्या भ्रमणध्वनीवर जुन्या अमेरिकन ‘मसल कार’ची चित्रे हमखास आढळतात. लांब नाक, रुंद छाती आणि घनगंभीर गर्जना करणारे इंजिन. घाटकोपर-मुलुंडच्या कोंडीत ताशी दहा मैलांनी सरकणाऱ्या पिढीला या वेगाचे आकर्षण वाटावे, हे स्वाभाविकच आहे. पण या गाड्यांतील डॉज आणि प्लिमथ ही दोन नावे एके काळी आपल्या उपनगराच्या ओळखीची होती, हे किती जणांना ठाऊक असेल?

सोलापूरच्या जैन कुटुंबात 1882 मध्ये जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी मोटार भारतातच घडावी हा ध्यास घेतला होता. सर विश्वेश्वरय्या यांचीही तीच धारणा होती. वालचंदांनी अमेरिकेत बोलणी केली. फोर्डशी जमले नाही, क्रायस्लरशी जमले. परकीय सरकारने मात्र युद्धकाळात या उद्योगास साहाय्य नाकारले. तरीही 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि 1947 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ गाड्या बाहेर पडू लागल्या. स्वातंत्र्याचे वर्ष आणि मुंबईत जुळलेली मोटार यांचा हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मसल कारचा जन्म यानंतरचा. 1964 मध्ये पॉन्टिॲकच्या अभियंत्यांनी मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचे इंजिन बसविले. मध्यम गाडीच्या इंजिनावर कंपनीनेच मर्यादा घातली होती. म्हणून ते ‘ऐच्छिक सुविधा’ या नावाखाली विकले गेले. ती जीटीओ. मर्म एवढेच, की प्रचंड शक्ती सामान्य तरुणाच्या खिशाला परवडावी. क्रायस्लरने 1966 च्या डॉज चार्जरमध्ये सुमारे सात लिटरचे ‘हेमी’ इंजिन देऊ केले. त्याची घोषित शक्ती 425 अश्वशक्ती होती. 1968 च्या प्लिमथ रोड रनरचा भोंगा तर व्यंगपटातील पक्ष्यासारखा वाजे!

तोवर कुर्ल्याने निराळी वाट धरली होती. परकीय चलन तुटपुंजे, पेट्रोल महाग आणि मोठी गाडी घेणारे थोडे. 1954 पासून तेथे फियाट 1100 तयार होऊ लागली. हीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. तिचे इंजिन 1089 घन सेंटिमीटरचे आणि शक्ती चाळीस अश्वशक्तीच्या आसपास, म्हणजे हेमीच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याची. परंतु त्याच शक्तीवर तिने लग्नाची वरात नेली, बाळंतिणीला रुग्णालयात पोहोचविले आणि काळ्या-पिवळ्या रंगात हजारो चालकांचे संसार चालविले.

अमेरिकेत 1970 चा स्वच्छ हवा कायदा, विम्याचे वाढते हप्ते आणि 1973 चे तेलसंकट यांपुढे मसल कारचे वैभव दहा वर्षांतच ओसरले. पद्मिनी टॅक्सी मात्र ऑक्टोबर 2023 पर्यंत मुंबईच्या रस्त्यांवर टिकली; वीस वर्षांच्या वयोमर्यादेने तिला निरोप दिला.

म्हणून मसल कारचे सौंदर्य उणे ठरत नाही. लोखंडातही उल्हास ओतता येतो, हे त्या गाड्यांनी दाखविले आणि त्यांच्या चाहत्यांना दोष देण्याचे काही कारण नाही. मात्र यंत्राची थोरवी केवळ त्याच्या वेगात मोजली, तर वालचंदांच्या खटाटोपाचा अर्थ हातून निसटतो. त्यांना हवी होती ती गाडी बनविण्याची विद्या. कारखाना राहिला नाही, पण कुर्ला-विद्याविहार परिसरात ‘प्रीमियर रोड’ हे नाव अजून आहे. घरातील मुलगा वा नात डॉज चार्जरचे चित्र कौतुकाने दाखवील, तेव्हा ते अवश्य पाहावे आणि मग तिला त्या रस्त्याचे नाव तसे का पडले, ते सांगावे.